कथेतली नानी

लातूर,
12 डिसेंबर

चि. छकुली,


तुझं पाकीट सोमवारी मिळालं. कथेचे दोन्ही खर्डे वाचले, दोन दिवस उशाशी ठेवले, परत वाचले, आणि आज दुपारची कामं बाजूला सारून लिहायला बसले आहे. फोनवर बोलले असते तर तू मधेच ‘आत्या, पण...’ म्हणाली असतीस आणि माझं बोलणं अर्ध्यावर राहिलं असतं. म्हणून हे पत्र.

पहिल्या खर्ड्यात 2016 च्या उन्हाळ्यातली आपली गल्ली आहे. मांजरा धरणाचा तळ उघडा पडलेला, पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागलेली, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आलेली. तू तेव्हा दहावीची परीक्षा देऊन मोकळी झाली होतीस आणि माझ्याबरोबर रांगेत उभी राहायचीस. माणसं उन्हात उभी राहू शकत नव्हती म्हणून घागरीच रांगेत उभ्या केल्या होत्या, आणि प्रत्येकीच्या गळ्यात ओळखीची चिंधी बांधलेली होती. हे तू इतकं नेमकं लिहिलंस की वाचताना माझ्या हाताला त्या घागरीच्या कडेचा चटका बसला. शेवटी गल्लीतली नानी आपल्या घागरीला टेकून झोपी जाते आणि टँकर येतो. कथा तिथंच थांबते.

दिवाळी अंकाकडून ती साभार परत आली. कथेत नाट्य कमी पडतं, असं त्यांनी कळवलं. तेवढ्यावर तू दुसरा खर्डा लिहिलास आणि त्यात नानीला टँकरच्या चाकाखाली घातलंस. शिवाय पत्रात विचारतेस की, नोकरी सोडून पूर्णवेळ लिहायला बसू का, कारण विम्याच्या दाव्यांच्या टेबलावर दिवसभर कागद सरकवून संध्याकाळी डोकं बधिर होतं.

या दोन्ही गोष्टींवर मला सांगायचं आहे, पण थेट सांगण्याआधी एका माणसाची ओळख करून देते. मी बारावीला इंग्रजी शिकवत होते तेव्हा केंद्रीय अभ्यासक्रमाच्या पुस्तकात ‘पोएट्स अँड पॅनकेक्स’ नावाचा धडा होता. मुलांना तो कंटाळवाणा वाटायचा, आणि खरं सांगायचं तर पहिली दोन वर्षं मीही तो परीक्षेपुरताच शिकवला. मद्रासच्या जेमिनी स्टुडिओतल्या गमतीजमती, इतकंच मला त्यात दिसलं होतं. लेखकाचं नाव अशोकमित्रन. तमिळमधला मोठा कथाकार, हे मला फार उशिरा कळलं. मग मिळतील तशी त्याची इंग्रजी भाषांतरं जमवत गेले. लक्ष्मी होल्मस्ट्रॉमनी केलेली, एन. कल्याण रामन यांनी केलेली. मला तमिळ येत नाही. तरीही गेली पंधरा वर्षं या माणसाइतका जवळचा लेखक मला दुसरा नाही.

खरं नाव जगदीश त्यागराजन. जन्म 22 सप्टेंबर 1931, सिकंदराबादचा. वडील रेल्वेत होते. ते गेले आणि 1952 मध्ये हा विशीतला मुलगा मद्रासला आला. जेमिनीचे मालक एस. एस. वासन वडिलांचे मित्र, त्यांनी बोलावून काम दिलं. काम काय, तर वर्तमानपत्रांतली कात्रणं कापायची, फाइलींत लावायची, काही मजकूर हातानं उतरवून ठेवायचा. त्याची खोली म्हणजे जेमतेम एक कोनाडा. आत डोकावणाऱ्याला वाटायचं की हा दिवसभर कागद फाडत बसतो, याला काही काम नाही. म्हणून जो तो आत शिरून त्याला दोन शब्द सुनवायचा. त्यातला एक मेकअप खात्यातला ‘ऑफिस बॉय’, चाळिशी गाठलेला. नट व्हायला, दिग्दर्शक व्हायला आला होता आणि आयुष्यभर गर्दीतल्या माणसांच्या तोंडाला रंग फासत राहिला. तो रोज येऊन आपली सगळी जळजळ या कोनाड्यात ओतायचा.

हे सगळं अशोकमित्रन चौदा वर्षं ऐकत राहिला. चौदा वर्षं, छकुली. तू नोकरीला लागून अजून तीन झाली नाहीत.

त्या चौदा वर्षांतून काय निघालं ते तुला एका कथेवरून सांगते. तिचं नाव ‘पुलिक्कलैञन’, म्हणजे वाघाचं सोंग घेणारा कलावंत. स्टुडिओत काम थंडावलेलं असतं. दुपारी ऑफिसात एक हडकुळा माणूस येतो, नाव काथर. चित्रपटांत गर्दीची माणसं पुरवणाऱ्या दलालानं पाठवलेला. तो म्हणतो, मी ‘टायगर फाइट’ करतो. हे शब्द त्याच्या तोंडात धड बसतही नाहीत. शर्मा नावाचे अधिकारी त्याला कटवायला बघतात. सध्या काही काम नाही, पत्ता ठेवून जा, नेहमीचंच. मग तो पिशवीतून वाघाचं मुंडकं काढतो, डोक्यावर चढवतो, आणि पुढच्या क्षणी त्या खोलीत माणूस उरतच नाही. टेबलावरून, खुर्चीवरून, उंचावरून तो झेपावतो, गुरकावतो. शर्मांसारखा मुरलेला माणूस भिऊन जातो.

आपल्याकडं मोहरममध्ये अंगावर पट्टे ओढून वाघ नाचायचे, ते तू पाहिले नसशील. मी पाहिले आहेत. ताशा कडाडला की ओळखीचा माणूस अनोळखी व्हायचा आणि आम्ही पोरं आईच्या पदरामागं दडायचो. म्हणून ती दोन पानं वाचताना माझ्या अंगावर काटा आला.

पण कथा तिथं संपत नाही. काथर मुंडकं उतरवतो आणि परत तोच हडकुळा, ओशाळलेला माणूस होतो. हात जोडतो. घरात खायला नाही म्हणतो, बायकोनं घरात पाऊल ठेवू नको म्हटलंय म्हणतो. पुढं कधीतरी एका चित्रपटात वाघाच्या सोंगाची जागा निघते. शर्मा आठवणीनं त्याला पत्र धाडतात आणि ते पत्र परत येतं. दिलेल्या पत्त्यावर तो माणूस नाही. शोधूनही सापडत नाही.

अशोकमित्रनला इथं काय काय करता आलं असतं, याचा विचार कर. काथर उपाशी मेला, असं दाखवता आलं असतं. रेल्वेखाली गेला, असं दाखवता आलं असतं. वाचकानं डोळे पुसले असते आणि पुस्तक मिटलं असतं. पण तो फक्त पत्र परत आणतो. त्यामुळं काथरचं काय झालं ही काळजी आपल्याकडंच राहते. मला तो अजून भेटतो. रेल्वे स्टेशनवर, बाजारात कुणी हडकुळा माणूस पिशवी छातीशी धरून चाललेला दिसला की माझी नजर त्या पिशवीकडं जाते.

आता नानीच्या मरणाबद्दल. मरण लिहू नये, असं माझं म्हणणं नाही. अशोकमित्रननंही लिहिलं आहे. ‘प्रयाणम’ कथेत हिमालयातल्या बर्फात एक शिष्य गुरूचा देह फळीवर बांधून ओढत नेतो. गुरू गेले असं समजून, समाधी द्यायला. रात्री लांडगे येतात. सकाळी बघतो तर देहाची चिरफाड झालेली, पण गुरूच्या मुठीत लांडग्याचा उपटलेला पाय. म्हणजे काय ते तूच समज. हे वाचून मी त्या रात्री झोपले नाही. पण त्या मरणात लेखकानं आपल्या पदरचं काही घातलेलं नाही. पहिल्या ओळीपासून कथा त्याच मुठीकडं चाललेली आहे. तुझ्या दुसऱ्या खर्ड्यातला टँकर मात्र संपादकांच्या पत्रातून आला आहे, गल्लीतून नाही. मी रोज तिथं होते. टँकरचा चालक वळणावर उतरून पोरांना बाजूला करायचा आणि मगच गाडी मागं घ्यायचा. त्या माणसाला तू चार ओळींत खुनी केलंस. तुला त्याचा राग नव्हता, तुला फक्त शेवट हवा होता. हे मला लागलं, म्हणून स्पष्ट लिहिते आहे.

अशोकमित्रनचीच ‘तण्णीर’ नावाची छोटी कादंबरी आहे. तण्णीर म्हणजे पाणी. विषय आपलाच: पाणी नसलेलं मद्रास, त्यातली एक गल्ली, खणून ठेवलेले रस्ते, हातपंप, आणि घागरी-बादल्या घेऊन दारोदार फिरणाऱ्या बायका. 2016 च्या त्या मे महिन्यात मी ती दुसऱ्यांदा वाचली. दिवसा रांगेत आणि रात्री पुस्तकात. जमुना आणि छाया या दोघी बहिणी. जमुनाला सिनेमात भूमिका देतो म्हणून एक माणूस वापरत आलेला आहे. एका टप्प्यावर ती जीव द्यायला निघते आणि वाचते. मग शेजारच्या टीचरम्मा तिच्याशी बोलतात. कसं बोलतात ते बघ. पाठीवरून हात फिरवत नाहीत, ‘सगळं ठीक होईल’ म्हणत नाहीत. स्वतःचं सांगतात. कोवळ्या वयात आजारी, दुप्पट-तिप्पट वयाच्या माणसाशी लागलेलं लग्न, सासू, शाळा, घर, आणि रोजचं पाणी. रडगाणं नाही, तक्रार नाही. आणि दुसऱ्या दिवशी पाणी भरायला जायचंच असतं. मी बत्तीस वर्षं शाळेत काढली, घरी आल्यावर तुझ्या आजीचं दुखणं काढलं. टीचरम्मा मला पुस्तकात भेटल्या तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की माझ्या दिवसांसारखा दिवस कथेत बसू शकतो. तुला वाटतं रांगेत नाट्य नव्हतं? मध्यरात्री दोनला उठून कुणाची घागर कुणी पुढं सरकवली हे बघायला जाणाऱ्या बायका मी पाहिल्यात. महिना-महिना एकमेकींशी न बोलणाऱ्या सख्ख्या जावा पाहिल्यात, आणि त्यातलीच एक तापानं पडली तेव्हा दुसरीनं तिच्या दारात गुपचूप ठेवलेली कळशी पाहिलीय. हे तुझ्या कथेत नाही. जे तिथं होतं ते अर्धं सोडून जे नव्हतं ते तू आणलंस.

अजून एक गोष्ट, जी कदाचित कथेपेक्षा मोठी आहे. आपण मराठवाड्याची माणसं निजामाच्या राज्यातली. अशोकमित्रन वाढला तोही त्याच राज्यात. ‘अठरावा अक्षांश’ अशा अर्थाचं नाव असलेली त्याची कादंबरी 1948 च्या हैदराबादची आहे. नकाशात बघ, आपलं लातूरही त्याच पट्ट्यात येतं. 17 सप्टेंबरला आपण झेंडा लावतो. रझाकारांनी गावात काय केलं ते तुझ्या आजीनं तुला सांगितलं असेल, मलाही सांगितलं. पण भारतीय सैन्याच्या पोलीस ॲक्शननंतरच्या आठवड्यांचं काही विचारलं की ती पदराशी चाळा करत गप्प व्हायची. त्या दिवसांत मुसलमान वस्त्यांवर काय गुदरलं याची चौकशी सुंदरलाल समितीनं केली. सर्वांत जास्त होरपळलेल्या जिल्ह्यांत आपला तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा होता. तो अहवाल कित्येक दशकं बंद राहिला, आणि आपल्या घरातही तो बंदच राहिला.

अशोकमित्रनचा चंद्रशेखरन हा रेल्वेच्या वसाहतीतला, क्रिकेट खेळणारा कॉलेजचा पोरगा. त्याचे मित्र हिंदू, मुसलमान, अँग्लो-इंडियन. राज्य बुडत असतं आणि याच्या डोक्यात उद्याची मॅच असते. मोठ्या घटना त्याच्यापर्यंत अफवांसारख्या पोचतात. शेवटी दंगलीच्या गदारोळात जीव वाचवायला तो एका भिंतीवरून उडी मारतो आणि एका मुसलमान घरात जाऊन पडतो. ते घर त्यालाच मारेकरी समजतं. एक मुलगी, त्याच्याच वयाच्या आसपासची, पुढं येते आणि घरच्यांना सोडा म्हणून स्वतःचं अंग पुढं करते. हा पोरगा शरमेनं, घाबरून पळत सुटतो.

पुस्तक वाचून मी आईच्या त्या गप्प बसण्याचा अर्थ लावला. लेखकानं निजामावर व्याख्यान दिलं नाही, भारत सरकारवर दिलं नाही, कुणाची बाजू घेतली नाही. एका पोराला एका अंगणात नेऊन उभं केलं. मी इतिहासाची कितीतरी पुस्तकं वाचली आहेत, पण आपल्या मुलुखातल्या त्या सप्टेंबरची लाज मला या तमिळ माणसानं दाखवली. मराठीत हे कुणीतरी आपल्या गावांबद्दल असंच शांतपणे लिहावं, ही माझी फार जुनी इच्छा आहे. तू लिहावंस असं वाटतं. लगेच नाही. हात तयार झाल्यावर.

आता नोकरीचं. तू म्हणशील, अशोकमित्रननंही सोडलीच की. सोडली. 1966 मध्ये, पस्तिशीत. कथा लिहून पैसे मिळतील म्हणून नाही सोडली. त्यानं पुढं जिथं आयुष्य घातलं ते ‘कणैयाळी’ हे छोटं वाङ्मयीन मासिक होतं, आणि अशा मासिकांवर कुणाचं घर चालत नाही हे तुला आपल्याकडच्या अनुभवावरून माहीत आहे. वीस वर्षांहून जास्त तो त्या मासिकाशी बांधलेला राहिला, इतरांच्या कथा वाचत, नव्या पोरांना जागा देत. 1973 मध्ये अमेरिकेत आयोवाला जगभरच्या लेखकांबरोबर राहून आला, त्यावरही एक पुस्तक लिहिलं. साहित्य अकादमीचं पारितोषिक मिळालं ते 1996 मध्ये, वयाच्या पासष्टीत. 2017 मध्ये गेला तोवर दोनशेच्यावर कथा मागं होत्या. यातल्या किती तरी कथांना तो कोनाडा, तो मेकअपवाला, त्या गर्दीतल्या माणसांची खाण पुरली. जेमिनी सोडल्यानंतर तीन वर्षांनी आलेली त्याची सिनेमाच्या दुनियेवरची कादंबरीही कॅमेऱ्यामागच्या माणसांचीच आहे.

म्हणून माझं ऐकशील तर आत्ता सोडू नकोस. तुझ्या टेबलावर रोज कागद येतात. अपघात कुठं झाला, किती वाजता झाला, नवरा घरी होता का, वारसाचं नाव एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं का. तू त्यांना कागद म्हणतेस. मागच्या राखीला तूच जेवताना सांगितलं होतंस: एका बाईनं नवऱ्याच्या दाव्यासोबत त्याची बसची तिकिटं जोडली होती, महिनाभराची, सुईदोऱ्यानं शिवून. कशाला जोडली विचारल्यावर ती म्हणाली, ते रोज कामाला जात होते हे तुम्हाला कळावं म्हणून. तू सांगून मोकळी झालीस आणि भाकरी वाढून घेतलीस. माझा घास हातात राहिला होता. संध्याकाळी डोकं बधिर होतं हे मला कळतं, मलाही व्हायचं. तर संध्याकाळी लिहू नकोस. पहाटे अर्धा तास लिही, अर्धं पान झालं तरी पुष्कळ. आणि टेबलाच्या खणात एक वही ठेव. त्यात मतं नकोत. कोण आलं, काय म्हणालं, हातात काय होतं, एवढंच.

साभार परत येण्याचं दुःख मी हलकं लेखत नाही. त्याच धड्यात एक प्रसंग आहे. जेमिनीत एकदा एक इंग्रज कवी आला. त्यानं भाषण केलं, त्याचे उच्चार कुणाला कळले नाहीत, हा इथं का आला तेही कळलं नाही. पुढं अशोकमित्रननं इंग्लंडच्या ‘एन्काउंटर’ मासिकाच्या कथास्पर्धेला कथा पाठवायची ठरवली. टपालाला पैसे लागणार, म्हणून आधी मासिक कसलं आहे ते बघायला ब्रिटिश कौन्सिलच्या वाचनालयात गेला. संपादकाचं नाव वाचलं तर तोच कवी, स्टीफन स्पेंडर. त्याला आपला हरवलेला भाऊ भेटल्यासारखं वाटलं. आणखी काही वर्षांनी मद्रासच्या माउंट रोडवरच्या पोस्टाजवळ फूटपाथवर पन्नास पैशांना एक पुस्तक मिळालं, त्यातही तोच स्पेंडर. हा कवी जेमिनीत का आला होता याचं उत्तर अशोकमित्रनला तेव्हा मिळालं. त्या स्पर्धेत कथेचं काय झालं, हे तो सांगतसुद्धा नाही. मी हा भाग बरीच वर्षं शिकवला आणि माझ्या लक्षात आलं नाही की इथं एक गरीब कारकून टपालखर्चाचा हिशोब करत सातासमुद्रापार कथा पाठवायला निघाला आहे. तू तुझा पहिला खर्डा, नानी झोपलेलाच, दुसरीकडं पाठव. मग तिसरीकडं. टपालाचे पैसे मी देईन.

‘तण्णीर’ची माझी प्रत वेगळ्या पाकिटातून पाठवते आहे. समासात पेन्सिलच्या खुणा आहेत, त्या माझ्यासाठी होत्या, तू तुझ्या कर. मधली दोन पानं निखळली आहेत, सांभाळून उघड.

आणि एक राहिलं. परवा कोपऱ्यावर नानी भेटली. गुडघे गेलेत तिचे, काठी घेऊन चालते, पण नळाला पाणी आलं की अजून पहिली हजर. लाल चिंधीवाली घागर तिनं मोडीत दिली नाही, परसात तुळस लावलीय त्यात. मला थांबवून म्हणाली, ‘पुण्याची पोरगी कवा येतीय? माझ्यावर लिवतीय म्हणं.’ मी तिला सांगितलं, संक्रांतीला येईल आणि स्वतः वाचून दाखवेल.

तुझी,
आत्या